फाइल सर्व्हरवरील देवघेव : एका नोंदवहीचा इतिहास

ग्रंथालयातील सर्वांत दुर्लक्षित वही कोणती असेल, तर ती देवघेवीच्या टेबलावरील नोंदवही होय. तिला लेखक नाही, प्रस्तावना नाही आणि ती वाचावयास कोणी मागतही नाही. तरीही तिच्यावाचून ग्रंथालय महिनाभरसुद्धा सुरळीत चालणार नाही. कोणते पुस्तक कोणाकडे आहे, ते केव्हा परत यावयाचे आहे, एका सभासदाने एका वेळी किती पुस्तके न्यावीत आणि मुदत उलटल्यास काय करावे, या चार प्रश्नांची उत्तरे ती देते. अनेकांच्या उपयोगासाठी एकत्र केलेल्या कोणत्याही भांडारास हे चार प्रश्न चुकत नाहीत. मग ते भांडार ग्रंथांचे असो, धान्याचे असो वा संगणकातील माहितीचे असो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पत्रे, हिशेब, संशोधनाची टिपणे आणि पुढे ग्रंथालयांच्या सूचीसुद्धा संगणकाच्या चकत्यांवर जाऊ लागल्या. या चकत्या महाग आणि वापरणारे पुष्कळ, यातून ‘फाइल सर्व्हर’ नावाचे नवे सामायिक भांडार जन्मास आले. जाळ्याने जोडलेल्या अनेक संगणकांना एकाच ठिकाणी ठेवलेल्या फायली पुरविणारा संगणक म्हणजे फाइल सर्व्हर. वापरणाऱ्याने आपले नाव आणि पासवर्ड देऊन आत प्रवेश केल्यापासून तो बाहेर पडेपर्यंतच्या काळास ‘सेशन’ किंवा सत्र म्हणतात. कोणाची सत्रे चालू आहेत, कोणी किती जागा व्यापली आहे, कोणती फाइल कोणी उघडून ठेवली आहे, यांवर देखरेख ठेवणे हे सर्व्हर सांभाळणाऱ्याचे नित्याचे काम. म्हणजे देवघेवीची नोंदवहीच. केवळ कागदावरून पडद्यावर आलेली. तिचा इतिहास पाहू गेल्यास नोंद कशी ठेवावी, यापेक्षा ती किती काळ ठेवावी हाच प्रश्न अखेरीस अधिक महत्त्वाचा ठरल्याचे दिसते.

वेळेची वाटणी

या इतिहासाचा आरंभ फाइल सर्व्हर हे नाव रूढ होण्यापूर्वी, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत झाला. तेथे फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये ‘कम्पॅटिबल टाइम-शेअरिंग सिस्टिम’ म्हणजेच सीटीएसएस या प्रणालीचे प्रात्यक्षिक दाखविले. एकच मोठा संगणक अनेकांनी एकाच वेळी, आपापल्या टंकयंत्रासारख्या साधनासमोर बसून वापरावा, ही तिची कल्पना. संगणक एकेकाला क्षणभर वेळ देई, आणि हे चक्र इतक्या वेगाने फिरे की प्रत्येकास यंत्र आपल्या एकट्याच्याच सेवेत आहे असे वाटे. पुढे या प्रणालीवर सुमारे तीस जण एका वेळी काम करू शकत.

अनेकांचे कागद एकाच कपाटात ठेवावयाचे म्हटल्यावर ज्याचे त्यास मिळावे ही व्यवस्था करणे ओघानेच आले. त्यासाठी प्रत्येकास पासवर्ड देण्यात आला. संगणकाच्या जगातील पासवर्डच्या सर्वांत आधीच्या उदाहरणांत याची गणना होते. त्याचबरोबर प्रत्येकाच्या वाट्यास किती वेळ आणि चकतीवरील किती जागा, हेही ठरवून दिलेले असे. नोंद, मर्यादा आणि ओळख ही तिन्ही अंगे अशा रीतीने एकदमच अवतरली.

आणि नियमाबरोबर पळवाटही अवतरली. ॲलन शेर नावाच्या एका संशोधक विद्यार्थ्यास आठवड्याला चार तास मिळत. त्याच्या कामास ते पुरत नव्हते. १९६२ च्या वसंतात, एका शुक्रवारी रात्री, त्याने पंच-कार्डावर विनंती देऊन पासवर्डांची फाइलच छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या खात्यांतील वेळ वापरून आपले काम पुढे रेटले. ही गोष्ट त्याने सुमारे पंचवीस वर्षांनंतर उघड केली. या कथेतील खरे मर्म मात्र पुढेच आहे. शेरच्या प्रबंधाचा विषय होता सामायिक संगणकाच्या वापराचे मापन! वापरणारा आज्ञा देतो, उत्तर येते, मग पुढची आज्ञा देण्यापूर्वी तो किती वेळ विचार करतो, यंत्र किती वेळ राबते, याचा त्याने बारकाईने हिशेब मांडला. १९६५ साली पूर्ण झालेले हे काम या विषयातील पायाभूत अभ्यासांपैकी एक मानले जाते. माणसाचा बराचसा वेळ विचारात जातो आणि तेवढ्या अवधीत यंत्र इतरांची कामे उरकू शकते, हे त्या आकड्यांतून स्पष्ट झाले. एका यंत्रावर अनेकांची सोय का लागते, याचे उत्तर त्या मापनाने दिले. वापराची मोजदाद पहारेकऱ्याच्या उपयोगाची असतेच. परंतु भांडार अधिक लोकांसाठी खुले करता येईल काय, हेही तीच सांगते.

याच प्रणालीवर १९६० च्या दशकाच्या मध्यास दुसरा एक प्रसंग घडला. दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन निरनिराळ्या फायली दुरुस्त करीत होते. एक होती प्रवेश करणाऱ्या सर्वांना दिसणारी त्या दिवसाची सूचना आणि दुसरी पासवर्डांची यादी. दुरुस्ती करणारा कार्यक्रम दोघांसाठीही एकाच नावाची तात्पुरती फाइल वापरीत असल्याने मजकुरांची अदलाबदल झाली आणि जो प्रवेश करील त्याच्यासमोर सर्वांचे पासवर्ड झळकू लागले. एका जागी एका वेळी एकच माणूस काम करील, हे गृहीत तेथे कोसळले. कोणाच्या हाती काय आहे याची चालू नोंद नसेल, तर सद्हेतूने काम करणारी दोन माणसेही एकमेकांचे नुकसान करतात, हा धडा त्या घटनेने दिला. फाइल उघडली असता तिला ‘कुलूप’ लावण्याच्या पुढील सर्व पद्धतींमागे हेच तत्त्व आहे.

मर्यादा आणि सवलत

जागेच्या वाटणीचा प्रश्न विद्यापीठांना विशेष छळू लागला. विद्यार्थी येतात, फायली साठवितात, जातात. चकती मात्र भरलेली राहते. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न विद्यापीठात रॉबर्ट एल्झ यांनी युनिक्स प्रणालीसाठी यावर तोडगा काढला आणि १९८३ साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथून प्रसृत झालेल्या युनिक्सच्या ४.२ बीएसडी या आवृत्तीत तो समाविष्ट झाला. या ‘कोटा’ पद्धतीचा विशेष असा की तिच्यात मर्यादा एक नसून दोन आहेत. एक सौम्य, दुसरी कठोर. सौम्य मर्यादा ओलांडली तर काम थांबत नाही. केवळ सूचना मिळते. सूचनांकडे वारंवार दुर्लक्ष झाले, तर सौम्य मर्यादाच कठोर होते. कठोर मर्यादेपलीकडे मात्र एक अक्षरही लिहिता येत नाही. पुढील आवृत्त्यांत सूचनांच्या संख्येऐवजी काही दिवसांची सवलतीची मुदत देण्याची पद्धत रूढ झाली.

ग्रंथपालाच्या व्यवहाराशी परिचित असणाऱ्यास ही पद्धत ओळखीची वाटेल. मुदत टळताच सभासदत्व रद्द करणारा ग्रंथपाल कोठे आढळत नाही आणि कधीच स्मरणपत्र न पाठविणाऱ्याचे कपाट रिकामे होते. एखाद्यास चार दिवस अधिक लागले तर ते क्षम्य. पण त्याच्यामुळे दुसऱ्यास कायमचे वंचित राहावे लागता कामा नये. हा व्यवहारी विवेक यंत्राच्या नियमांत बसविता आला, हे त्या काळातील एक महत्त्वाचे यश म्हटले पाहिजे.

कचेरीतील पहारेकरी

आतापर्यंतची कथा विद्यापीठांतील मोठ्या संगणकांची झाली. कचेऱ्यांत फाइल सर्व्हर पोचला तो लहान संगणकांमुळे. आयबीएम कंपनीचा पर्सनल कॉम्प्युटर १९८१ मध्ये आला. १९८३ मधील त्याच्या सुधारित नमुन्यात दहा मेगाबाइटची हार्ड डिस्क होती आणि तेवढी जागाही त्या वेळी चैनीची समजली जाई. प्रत्येक टेबलास स्वतंत्र डिस्क देणे परवडत नसल्याने ती वाटून घेण्याची खटपट सुरू झाली. आरंभीच्या योजनांत डिस्कचे नुसते तुकडे पाडून ज्याचा त्यास दिले जात. एकाच तुकड्यावर दोघांनी लिहिले तर मजकूर बिघडे. अमेरिकेच्या युटा राज्यातील नोव्हेल कंपनीने नेटवेअर या आपल्या प्रणालीत निराळा मार्ग धरला. डिस्क वापरणाऱ्यांच्या हाती न देता तिच्या दाराशी एक संगणक बसविला आणि प्रत्येक फाइल त्याच्याच हातून देण्याघेण्याचा नियम केला. कपाटाच्या किल्ल्या सर्वांना वाटण्याऐवजी देवघेवीचा टेबल मांडावा, तसाच हा प्रकार होता.

१९८९ नंतरच्या नेटवेअर ३ या आवृत्तींत ही नोंदवही पूर्णत्वास गेलेली दिसते. ५, १०, २०, ५०, १०० किंवा २५० जोडण्यांपुरते परवाने विकले जात. त्यामुळे एका वेळी आत कितीजण आहेत हा प्रश्न पैशाशीही जोडलेला होता. सर्व्हरच्या पडद्यावर ‘मॉनिटर’ नावाचा कार्यक्रम चालवीत. कोणाकोणाच्या जोडण्या चालू आहेत, एखाद्याने कोणत्या फायली उघडल्या आहेत, यंत्रावर किती भार आहे, हे त्यात एका दृष्टिक्षेपात कळे. बराच वेळ कोणी कळफलकास हात लावला नाही की त्या पडद्यावर एक साप वळवळू लागे. यंत्रावरचा भार वाढला की त्याची शेपटी लांबत जाई. दूरवरूनही त्या सापाकडे पाहून सर्व्हर आज थकला आहे की निवांत, हे जाणकारास उमगे.

सत्राचा शेवट कसा करावा, याविषयीची तेथील शिस्त तर खास अभ्यासण्याजोगी आहे. एखाद्याचा संगणक अचानक बंद पडला, तर त्याची जोडणी सर्व्हरच्या दृष्टीने चालूच राहते. त्याने उघडलेल्या फायली अडकतात आणि परवान्यातील एक जागा व्यर्थ जाते. यासाठी सर्व्हर सुमारे पाच मिनिटे शांतता आढळताच त्या संगणकास हाक मारी. उत्तर न आल्यास साधारण एकेका मिनिटाच्या अंतराने आणखी दहा हाका. आणि तरीही शांतता असेल तरच ती जोडणी तोडून टाकी. मूळच्या मांडणीप्रमाणे या सर्वास सुमारे पंधरा मिनिटे लागत. व्यवस्थापकास हाताने जोडणी तोडण्याचा अधिकारही होता. परंतु चांगला व्यवस्थापक त्यापूर्वी नव्याने प्रवेश बंद करी, सर्वांच्या पडद्यांवर ‘काम जतन करून बाहेर पडावे’ असा संदेश धाडी, उघड्या फायलींची यादी पाही आणि मगच यंत्र थांबवी. घाईने तोडलेल्या जोडणीबरोबर एखाद्या कारकुनाचे दुपारभराचे हिशेब नाहीसे होऊ शकत. अधिकार मोठा असला, की पायऱ्या अधिक असाव्यात हे शहाणपण त्या क्रमात होते.

विसरणारा सर्व्हर

नेटवेअर हा आठवण ठेवणाऱ्या सर्व्हरांचा नमुना होता. त्याच दशकात याच्या नेमक्या उलट विचाराचाही सर्व्हर निघाला. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८५ मध्ये बाजारात आणलेल्या ‘नेटवर्क फाइल सिस्टिम’ या पद्धतीत सर्व्हर कोणाचीच सत्रे ध्यानात ठेवीत नसे. प्रत्येक मागणी स्वयंपूर्ण असे. ‘अमुक फाइलचा अमुक भाग द्यावा’ असे सांगितले की तो देऊन सर्व्हर ती मागणी विसरून जाई. यात मोठा लाभ होता. सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला, तरी त्याला काही आठवावयाचे नसल्याने वापरणाऱ्यांचे संगणक तीच मागणी पुन्हा करीत आणि काम पुढे चालू होई. तोटाही तितकाच मोठा होता. या क्षणी कोणती फाइल कोणाकडे उघडी आहे, हे सर्व्हरला नेमके सांगता येत नसे. कुलपांसाठी वेगळी यंत्रणा जोडावी लागली. कोणकोणते संगणक जोडलेले आहेत याची जी यादी मिळे, तीत न सांगता निघून गेलेल्यांची नावे तशीच राहत.

या दोन टोकांमधील वाट याच पद्धतीच्या चौथ्या आवृत्तीने काढली. तिचे पहिले प्रमाणपत्रक डिसेंबर २००० मध्ये आणि सुधारित रूप एप्रिल २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत सर्व्हर आठवण ठेवतो, पण मुदतीपुरतीच. फाइल उघडणाऱ्यास जणू अल्प मुदतीचा पट्टा मिळतो आणि तो वेळोवेळी नूतन करावा लागतो. नूतनीकरण थांबले की कुलपे सुटू शकतात आणि ती आठवण टाकून देता येते. सर्व्हर स्वतः कोसळून पुन्हा उभा राहिला, तर जुन्या धारकांना आपला हक्क पुन्हा सांगण्यासाठी सवलतीचा काळ मिळतो. तोवर नव्यांना थांबावे लागते. नोंद आवश्यक आहे, परंतु तिचे आयुष्य गरजेइतकेच असावे, हा निष्कर्ष अभियंत्यांनी नीतिशास्त्रातून काढला नव्हता. बंद पडलेल्या यंत्रांच्या आणि अडकलेल्या कुलपांच्या अनुभवातून ते तेथे पोचले.

पंच्याहत्तर सेंटांचा फरक

नोंदीच्या बाजूनेही एक भक्कम साक्ष नमूद केली पाहिजे. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणक-वापराच्या हिशेबात पंच्याहत्तर सेंटांचा फरक आढळला. वापराची नोंद दोन निरनिराळ्या कार्यक्रमांत होत असे आणि त्यांची बेरीज जुळेना. क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञाकडे तो क्षुल्लक फरक शोधण्याचे काम आले. कोणीतरी अनोळखी माणूस खाते उघडून फुकट वेळ वापरीत असल्याचे त्यांना आढळले. त्याची सत्रे चिकाटीने टिपीत गेल्यावर माग थेट पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हर शहरापर्यंत पोचला. तेथील मार्कुस हेस हा अमेरिकी लष्करी संगणकांत शिरून मिळविलेली माहिती सोव्हिएत हेरखात्यास विकणाऱ्या टोळीपैकी होता; १९९० मध्ये तो दोषी ठरला. नोंदवहीच नसती, तर पंच्याहत्तर सेंट दिसले नसते आणि चोरही दिसला नसता. ‘नोंदच नको’ असे म्हणणाऱ्यांना हे उदाहरण विसरता येत नाही.

वाचकाचा विश्वास

तथापि ज्या नोंदीतून चोर सापडतो, तिच्यातूनच निरपराध वाचकही दिसतो. आणि याची जाणीव संगणकशास्त्राच्या आधी ग्रंथालयांना झाली होती. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने १९३९ मध्ये स्वीकारलेल्या आचारसंहितेत वाचकांच्या संपर्कातून कळलेली खासगी माहिती गुप्त राखणे हे ग्रंथपालाचे कर्तव्य मानले होते. त्याची कसोटी १९७० मध्ये लागली. त्या वर्षी करखात्याचे अधिकारी मिलवॉकी आणि अन्य काही शहरांतील सार्वजनिक ग्रंथालयांत गेले आणि स्फोटकांविषयीची पुस्तके कोणी नेली, याच्या नोंदी मागू लागले. त्यानंतर असोसिएशनने देवघेवीच्या नोंदींच्या गोपनीयतेविषयी स्वतंत्र धोरण जाहीर केले. १९८७ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय अन्वेषण खात्याचे हस्तक वैज्ञानिक ग्रंथालयांत परकीय वाचकांविषयी चौकशी करीत असल्याचे उघड झाले, तेव्हाही ग्रंथपालांनी त्यास विरोध केला. त्यांचा आक्षेप सरळ होता. आपले वाचन कोणी लिहून ठेवीत आहे असे वाटू लागले, की माणूस पुस्तक मागण्यापूर्वी दहा वेळा विचार करतो आणि शेवटी मागतच नाही.

भारतातही हा विचार आता कायद्याच्या पातळीवर पोचला आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला आणि २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. ज्या ग्रंथालयांच्या सूची आणि सभासदांच्या याद्या संगणकावर गेल्या आहेत, त्यांना हा विषय आता परका राहिलेला नाही.

याचे एक बोलके उदाहरण ‘कोहा’ या ग्रंथालय-प्रणालीत सापडते. न्यूझीलंडमधील होरोफेनुआ येथील ग्रंथालयांसाठी ती तयार झाली आणि जानेवारी २००० पासून तेथे वापरात आली. माओरी भाषेत या शब्दाचा अर्थ ‘भेट’ असा आहे आणि ती सर्वांना विनामूल्य उपलब्ध असल्याने भारतातील अनेक ग्रंथालयांनीही तिचा अवलंब केला आहे. पुस्तक परत आल्यानंतर त्या देवघेवीपासून सभासदाचे नाव वेगळे करून टाकण्याची सोय या प्रणालीत करून घेता येते. पुस्तक किती वेळा गेले हा आकडा राहतो. ते कोणी नेले हे पुसले जाते. कोणत्या विषयाची मागणी वाढली, कोणत्या ग्रंथाच्या प्रती कमी पडतात, हे कार्यकारी मंडळास कळू शकते आणि वाचकाचे मन त्याच्यापाशीच राहते.

सुमारे सहा दशकांच्या या प्रवासात यंत्रे बदलली, कंपन्या मागे पडल्या, सापाचा तो पडदाही गेला. पण मूळचे चार प्रश्न तेच राहिले. कोणाच्या हाती काय आहे, हे ठाऊक असावे म्हणजे दोघांचे नुकसान होत नाही. प्रत्येकाच्या वाट्याला सीमा असावी म्हणजे मागाहून येणाऱ्यास जागा मिळते. सत्र संपविताना आधी सूचना द्यावी, म्हणजे केलेले काम वाया जात नाही. आणि व्यवहार पुरा झाला की माणसाचे नाव नोंदीतून वेगळे करावे, हिशेब तेवढा उरावा. यांपैकी पहिल्या तीन गोष्टी यंत्रास शिकविता आल्या आहेत. चौथी सोयही यंत्रात आहे. ती चालू करावी की नाही, हे मात्र भांडार सांभाळणाऱ्यासच ठरवावे लागते.